हातासाठी पोटाची त्वचा : तीन आठवड्यांचे भेटकलम

मळणी यंत्र, कडबाकुट्टी, उसाचा चरक, कारखान्यातील प्रेस किंवा रस्त्यावरचा अपघात, यांपैकी कशातही हात सापडला की बहुधा सर्वांत आधी सोलवटून जाते ती त्वचा. हाड मोडले तर ते जुळविता येते, कंडरा तुटली तर ती शिवता येते. परंतु या दुरुस्तीवर घालायला पांघरूणच उरले नसेल, तर आतले सारे काम वाया जाते. उघडे पडलेले हाड कोरडे होऊन मरते, कंडरा सडते, जंतुसंसर्ग आत शिरतो. अशा वेळी डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, की हात पोटाला जोडावा लागेल आणि तो सुमारे तीन आठवडे तसाच राहील.

हे ऐकून घरची माणसे गोंधळून जातात. धडधाकट माणसाचा पंजा त्याच्याच पोटाला शिवलेला पाहणे सोपे नसते. ‘याहून साधा उपाय नव्हता का?’ ‘इतके दिवस कशाला?’ ‘आठवड्याने घरी नेले तर चालेल का?’ हे प्रश्न स्वाभाविक आहेत. वाचकहो, त्यांची उत्तरे वेळेवर आणि समजेल अशा भाषेत मिळाली नाहीत, तर उत्तम झालेली शस्त्रक्रियाही खाटेवर बिघडते. कारण या उपचाराचा अर्धा भाग शल्यचिकित्सक करतात आणि उरलेला अर्धा रुग्ण व त्याचे कुटुंब.

कोयकलम आणि भेटकलम

कोकणातील बागायतदाराला ही शस्त्रक्रिया समजावून सांगणे फार सोपे आहे. आंब्याचे कलम दोन रीतींनी करतात. कोयकलमात चांगल्या झाडाची काडी कापून घेतात आणि कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर बसवितात. काडी आईपासून तुटलेली असते. रोपाने तिला लवकर रस पुरविला तरच ती जगते. भेटकलमात तसे नसते. रोपाची कुंडी मोठ्या झाडाच्या फांदीजवळ नेतात, दोघांची साल तासून त्यांना एकमेकांशी घट्ट बांधतात आणि वाट पाहतात. जोड एकजीव होईपर्यंत फांदीला रस मिळतो तो मातृवृक्षाकडूनच. मग फांदी आईपासून तोडतात.

त्वचेचेही असेच आहे. मांडीवरून त्वचेचा पातळ पापुद्रा काढून जखमेवर पसरविणे म्हणजे त्वचारोपण. हे झाले कोयकलम. त्या पापुद्र्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले सुमारे दोन दिवस तो जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरतो; त्यानंतर खालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या त्याच्याशी जुळू लागतात. म्हणून खालची जमीन ओलसर व रक्ताने भरलेली असली, तरच त्वचारोपण लागते. उघड्या हाडावर, आवरण गेलेल्या कंडरेवर किंवा सांध्यावर ते लागत नाही, कारण तेथे त्याला देण्यासारखे काही नसते.

अशा जागी रक्तवाहिन्या सोबत घेऊन येणारी त्वचा लागते. तिला डॉक्टर ‘फ्लॅप’ म्हणतात. आपण ‘त्वचापट’ म्हणू. पोटावरचा त्वचापट तीन बाजूंनी उचलतात, चौथी बाजू पोटाशी जोडलेलीच ठेवतात आणि हाताची जखम त्याच्याखाली आणून शिवतात. हात हे रोप आणि पोट हा मातृवृक्ष. जोड धरेपर्यंत पोट त्या त्वचेला रक्त पुरविते. हे खरेखुरे भेटकलम आहे.

जुनी कल्पना, लांबचा प्रवास

मूळ जागेशी नाते न तोडता त्वचा दुसरीकडे नेण्याची ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, कापलेले नाक घडविण्यासाठी गालाची त्वचा गालाशी जोडलेली ठेवूनच वळवून घेण्याची रीत सांगितली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ एका स्थानिक कारागिराने कपाळाच्या त्वचेने अशीच शस्त्रक्रिया केली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचे नाक टिपू सुलतानाच्या कैदेत कापले गेले होते; ते पुन्हा घडविण्यात आले. त्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात छापून आला, आणि पुढे १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी हीच रीत लंडनमध्ये वापरली.

शेजारची त्वचा पुरत नसेल, तर दूरची त्वचा जवळ आणावी लागते. इटलीतील बोलोन्या येथील गास्पारे टालियाकोत्सी यांनी १५९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दंडाच्या त्वचेने नाक घडविण्याचे वर्णन आहे. जोड धरेपर्यंत रुग्णाचा हात डोक्याशी बांधून ठेवीत. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, हॅरल्ड गिलिस यांनी त्वचेची पट्टी गुंडाळून तिची नळी केली. अशा बंद नळीत जंतुसंसर्गाची भीती कमी असे. पुढे पोटावरची नळी आधी मनगटावर आणि मग मनगटाच्या आधारे चेहऱ्यावर नेणे शक्य झाले. गिलिस यांच्याकडे शिकलेले डॉ. नोशिर अंतिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ही विद्या रुजविली आणि कुष्ठरोगाने विद्रूप झालेल्या हातांसाठी व चेहऱ्यांसाठी ती वापरली.

१९७२ साली ग्लासगो येथील इयन मॅकग्रेगर आणि इयन जॅक्सन यांनी जांघेच्या त्वचापटाचे वर्णन केले. जांघेतून कंबरेच्या हाडाच्या दिशेने त्वचेलगत एक रोहिणी जाते. तिच्या वाटेवरची त्वचा उचलली, तर तिला ठरावीक वाहिनीचा भरवशाचा पुरवठा मिळतो, हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हापासून हाताच्या दुखापतीत पोट व जांघ यांच्या त्वचेला मानाचे स्थान मिळाले आहे.

पोटच का?

पहिले कारण म्हणजे हात तेथे सहज पोहोचतो. दुसरे, पोटाची त्वचा सैल असते. ओंजळभर त्वचा काढली तरी उरलेल्या कडा बहुधा ओढून शिवता येतात, आणि तो व्रण कपड्याखाली झाकला जातो. तिसरे, येथे रक्तवाहिन्यांचे जाळे समृद्ध आहे. चौथे कारण आपल्या परिस्थितीतले आहे. या शस्त्रक्रियेला सूक्ष्मदर्शक, अतिबारीक टाके किंवा रात्रभर जागणारा विशेष चमू लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणारा कुशल प्लास्टिक सर्जनही ती विश्वासाने करू शकतो.

पातळ हवी, पण किती?

आता मुख्य अडचण पाहू. तळहाताची पाठ चिमटीत धरून पाहा; तेथील त्वचा किती पातळ आणि सरकती आहे हे लगेच कळेल. मग नाभीखालची त्वचा धरा. तिच्याखाली चरबीचा थर असतो; कृश माणसात तो थोडा असतो, इतरांत दोन-तीन सेंटिमीटर किंवा त्याहूनही जाड असतो. ही सारी जाडी बोटावर आणून ठेवली तर बोट उशीसारखे दिसते, सांधा वळत नाही, मूठ मिटत नाही, सुई किंवा नाणे चिमटीत येत नाही. शिवाय ही चरबी हातावर आली तरी पोटाचा स्वभाव सोडत नाही. रुग्णाचे वजन वाढले की पोटाबरोबर हाताच्या पाठीवरील हा भागही फुगतो.

म्हणून त्वचापट पातळ करावा, ही कल्पना पुढे आली. फ्रान्समधील ल्यों येथील शल्यचिकित्सक कोलसों यांनी १९६०च्या दशकात हातासाठी पोटाचे चरबी काढलेले त्वचापट वापरले. यामागचे शरीरशास्त्र असे : त्वचेच्या आतल्या थराला लागूनच सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे एक दाट जाळे असते. त्याच्याखालची बरीचशी चरबी काढली आणि हे जाळे अखंड ठेवले, तर त्वचा जगू शकते. पातळ त्वचापट जखमेशी अधिक जवळून बिलगतो, त्यामुळे खालच्या वाहिन्याही त्याच्याशी लवकर जुळतात. तो थोडा भेटकलमासारखा आणि थोडा कोयकलमासारखाही वागतो.

परंतु येथे लोभ उपयोगी नाही. ठरावीक रोहिणी सोबत न घेतलेल्या त्वचापटाची लांबी साधारणतः रुंदीइतकी किंवा फार तर दीडपट ठेवतात. त्याहून लांब केला, किंवा पातळ करताना ते जाळेच खरवडले गेले, तर टोकाकडचा भाग काळा पडतो. म्हणून पोटाशी जोडलेल्या मुळाकडे चरबी राहू देतात आणि जखमेवर बसणारा भाग तेवढा पातळ करतात. विडी-सिगारेट ओढणारे, तंबाखू खाणारे, मधुमेह ताब्यात नसलेले आणि फार स्थूल रुग्ण यांच्या बाबतीत डॉक्टर पुष्कळदा सुरुवातीलाच फार पातळ करण्याचे टाळतात. आधी जाडसर पण निर्धोक त्वचा आणायची आणि काही महिन्यांनी ती पातळ करायची, असा मार्ग ते निवडतात. तेव्हा ‘आमच्याच रुग्णाला दुसरी शस्त्रक्रिया का?’ असे वाटले, तर ती पहिल्या शस्त्रक्रियेतील चूक समजू नका. बहुधा तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्यावे, की त्वचा एकदाच पातळ करून लावणार की टप्प्याटप्प्याने, आणि का.

ते तीन आठवडे

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत नाजूक असतात. त्वचापटाचे मूळ पिळले गेले, दुमडले किंवा ताणले गेले, की नळीला पीळ पडून पाणी थांबावे तसा रक्तप्रवाह थांबतो. रुग्ण झोपेत कूस बदलतो, खोकतो, दचकून हात ओढतो; म्हणून चिकटपट्ट्यांनी दंड व कोपर शरीराशी बांधलेले असतात. रात्री जवळ बसणाऱ्या माणसाचे काम हेच, की पट्ट्या सुटत नाहीत ना, कोपराखालची उशी सरकत नाही ना, हे पाहणे.

रंग पाहायला परिचारिकेकडून शिकून घ्यावे. निरोगी त्वचापट आसपासच्या पोटासारखाच दिसतो आणि कोमट लागतो. हलकेच दाबून सोडल्यावर पांढरा झालेला ठिपका सुमारे दोन सेकंदांत पूर्ववत होतो. तो पांढराफटक व गार पडला, तर रक्त आत येत नाही. निळसर होऊन फुगला, तर रक्त बाहेर जात नाही. दोन्ही वेळी सकाळच्या राउंडची वाट पाहू नका, तत्क्षणी सांगा. कधी एखादा टाका सोडून किंवा हाताची ठेवण किंचित बदलूनही त्वचा वाचते, पण ते वेळेवर झाले तरच.

तंबाखूबाबत तडजोड नाही. निकोटीनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, आणि पातळ त्वचापटाची सारी भिस्त त्यांच्यावरच असते. विडी-सिगारेटबरोबरच गुटखा, चुन्याबरोबर मळलेली तंबाखू आणि मशेरीही वर्ज्य. मशेरी लावणाऱ्या बायका तिला व्यसन मानीत नाहीत आणि डॉक्टरांनी विचारल्यावर सांगतही नाहीत. घरच्यांनी ते सांगावे. ‘रुग्णाला करमत नाही’ म्हणून प्रेमाने आणून दिलेली एक पुडी त्वचेचा कोपरा घालवू शकते.

हाताखाली घाम साचतो, वास येतो, त्वचा ओली राहून सडू लागते. म्हणून रोज ओल्या फडक्याने अंग पुसावे आणि हात व पोट यांच्या मधल्या फटीत डॉक्टर सांगतील तशी कोरडी घडी ठेवावी. समोरून उघडणारा सैल सदरा, स्त्रियांसाठी पुढे बंद असलेला गाऊन, आणि भोवती पडदा लावून राखलेला खासगीपणा, या गोष्टी औषधाइतक्याच आवश्यक आहेत. शौचाला बसणे, पाणी घेणे, जेवणे यांसाठी दुसऱ्याचा हात लागतो. कमावत्या माणसाला याची लाज वाटते, तो चिडतो, न जेवता पडून राहतो. त्याला समजून घ्यावे. जखम भरायला प्रथिने लागतात. डाळ, उसळ, दूध, दही, अंडी, मासे यांपैकी घरात जे चालते ते रोज पोटात जायला हवे. कुंथावे लागू नये म्हणून पाणी, पालेभाजी आणि फळेही हवीत.

आणि हालचाल! पंजा बांधलेला असला तरी जी बोटे मोकळी आहेत, ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे दिवसातून अनेकदा हलवावीत. खांदा व कोपर जेवढे हलवू देतील तेवढे हलवावेत. जांघेशी जोडलेला हात खाली लोंबत राहिल्याने सुजतो, आणि सुजेमागून ताठरपणा येतो. या पद्धतीचा हा मोठा दोष आहे, आणि त्यावर उतारा एकच, तो म्हणजे रोजचा व्यायाम.

दहाव्या-बाराव्या दिवशी जखम वरून जुळलेली दिसते. रुग्ण कंटाळलेला असतो, घरी पेरणी खोळंबलेली असते, सोबतच्या माणसाचा रोज बुडत असतो. ‘आता तोडून टाका’ असा आग्रह याच सुमारास सुरू होतो. वरचा जोड दिसतो, पण आतल्या वाहिन्या अजून पुरेशा जुळलेल्या नसतात. साधारण तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस डॉक्टर त्वचापटाचे मूळ रबराने किंवा मऊ चिमट्याने काही वेळ दाबून पाहतात. पोटाचे रक्त बंद असतानाही त्वचा गुलाबी राहिली, तर हाताने तिला आपले मानले असे समजायचे. मगच जोड तोडतात.

जोड तोडल्यानंतर

हात सुटला, की उपचार संपला असे वाटते. प्रत्यक्षात हात कमावण्याचे काम येथून सुरू होते. फिजिओथेरपी टाळली, तर उत्तम त्वचेखाली ताठ बोटे राहतात. अनेक बोटे एकाच त्वचापटाखाली झाकली असतील, तर ती काही आठवड्यांनी टप्प्याटप्प्याने वेगळी करावी लागतात. जाडी कमी करण्याची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांनी करतात. कधी चरबी शोषून घेतात, कधी कडेने उघडून कापतात. सारी चरबी एकाच वेळी काढत नाहीत, कारण तेथेही रक्तपुरवठा सांभाळायचा असतो.

आणखी एक गोष्ट विसरू नये. नव्या त्वचेला सुरुवातीला संवेदना नसते. पुढे कित्येक महिन्यांत काही प्रमाणात ती येते, पण मूळ हातासारखी नाही. तोवर तापलेला तवा, चुलीची कड, चहाचा पेला, मोटारसायकलचा सायलेन्सर यांनी चटका बसला तरी कळत नाही, आणि मोठ्या कष्टाने आणलेली त्वचा भाजते. हाताला काय लागते आहे हे आता डोळ्यांनी पाहण्याची सवय लावावी लागते. त्वचेचा रंग निराळा दिसेल, कधी तिच्यावर पोटाचे केस उगवतील. या गोष्टी निरुपद्रवी आहेत.

दुसरे मार्ग आहेत का?

आहेत. १९७३ साली मेलबर्न येथे रोलिन डॅनियल व इयन टेलर यांनी जांघेची त्वचा रक्तवाहिनीसह पूर्ण सोडवून पायावर नेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या वाहिन्या तेथील वाहिन्यांशी शिवल्या. अशा शस्त्रक्रियेत हात बांधून ठेवावा लागत नाही. जपानचे इसाओ कोशिमा यांनी १९८९ साली पोटाचा स्नायू न घेता केवळ त्वचा व चरबी उचलण्याची रीत दाखविली. कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रियांसाठी आज ती जगभर वापरली जाते. २००४ साली त्यांनीच जांघेच्या त्वचेचा असा पट वर्णिला, की जो एका बारीक वाहिनीवर जगतो आणि मुळातच पातळ उचलता येतो. मात्र या शस्त्रक्रियांना अनेक तास, विशेष प्रशिक्षण आणि मोठा खर्च लागतो, आणि शिवलेली वाहिनी गोठून बंद पडली तर सारा त्वचापट जाऊ शकतो. कोणता मार्ग योग्य, हे जखम, वय, इतर आजार आणि रुग्णालयातील सोय पाहून ठरते. पोटाचा त्वचापट सुचविला म्हणजे जुनाट उपचार दिला, असे समजू नये. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेखाली आपली शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

अपघात घडलाच तर

पोटाची किती त्वचा लागेल, हे पुष्कळदा पहिल्या तासातच ठरते. यंत्र आधी बंद करा. अडकलेला हात हिसडून काढू नका, त्याने उरलेली त्वचाही सोलून निघते. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढा. स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि हात छातीपेक्षा उंच ठेवा. हळद, चहापत्ती, रॉकेल, टूथपेस्ट काहीही लावू नका. नंतर ती काढताना जिवंत त्वचाही जाते. बोट तुटून पडले असेल, तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. लोंबणारी त्वचा ‘मेली’ म्हणून कापू नका, तिचा निर्णय डॉक्टरांवर सोडा. रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागेल.

भेटकलम बांधल्यावर बागायतदार रोज सुतळी सोडून जोड पाहत बसत नाही. तो रोपाला पाणी घालतो, आधार देतो आणि दिवस मोजतो. पोटाला जोडलेल्या हाताला आपल्याकडून तेवढेच हवे असते. त्या तीन आठवड्यांत घरच्यांनी धीर धरला, पुडी लांब ठेवली आणि रंग पाहून वेळेवर हाक मारली, तर तो हात पुन्हा भाकरी थापू शकतो, विळा धरू शकतो, मुलाचे बोट धरून त्याला शाळेत सोडू शकतो.